उंची हौद्याला मिळते, अ‍ॅक्सलला नाही

पिकअप जुनी आहे, शेतापर्यंतचा रस्ता कच्चा आहे, पावसाळ्यात गाडी फसते. मग पाट्याखाली गुटके टाकून किंवा दोन पाने वाढवून गाडी चार बोटे उचलून घ्यावी, असा सल्ला आपल्या जालना जिल्ह्यात कुठेही मिळतो. चहाच्या टपरीवर मिळतो, गॅरेजवर मिळतो, गाडी विकणाराही तेच गुण म्हणून सांगतो. हा सल्ला पाळण्याआधी शेतकऱ्यांनी आणि लहान वाहतूकदारांनी पुढचे अनुभव वाचावेत, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

माझ्याकडे आलेली पिकअप आधीच्या मालकाने उचलून घेतलेली होती. ती कच्च्या रस्त्यावर कशी वागली, डांबरी रस्त्यावर कशी वागली आणि तिला मूळ उंचीवर आणताना काय काय उघडकीस आले, ते सगळे क्रमाने सांगतो. त्यातून निघालेला निष्कर्ष आधीच सांगून ठेवतो. पाटे असलेल्या पिकअपला उचलले की उंच होतो तो हौदा. चिखलात अडकतो तो भाग जिथल्या तिथेच राहतो.

गाडी उचलण्याची वेळ का येते

अंबड, घनसावंगी, बदनापूर आणि जालना या तालुक्यांत मोसंबी मोठी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. आंबे बहराची फळे तोडणीला येतात तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो. बाग काळ्या जमिनीत, बागेतून डांबरी सडकेपर्यंत पाणंद, आणि पाणंदीत गुडघाभर चिखल. व्यापाऱ्याला माल ठरल्या दिवशी हवा असतो. तोडलेले फळ कॅरेटमध्ये भरून ठेवले आणि गाडी बागेतच फसली, तर नुकसान कुणाचे होते ते सांगायला नको.

काळ्या मातीचा स्वभावच तसा आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. ओल्या दिवसांत ती चाकाला वजन पेलू देत नाही, टायरच्या नक्षीत भरून बसते आणि टायर गुळगुळीत करून टाकते. त्यात ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. पिकअपचे चाक चाकोरीत उतरले की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो.

दुसरे कारण वजनाचे. पिकअपची क्षमता गाडीप्रमाणे साधारण सव्वा टनापासून पावणेदोन टनांपर्यंत असते. प्रत्यक्षात तिच्यात कॅरेट, खताच्या गोण्या, सिमेंट, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या सळया असे कितीतरी जास्त भरले जाते. वर्षानुवर्षे असा भार वाहून पाटे बसतात, कमान सरळ होते, मागून गाडी खाली लोंबलेली दिसते. अशा गाडीचे पाटे मूळ स्थितीत आणणे गरजेचेच असते. पण तेवढ्यावर न थांबता 'आता खोललेच आहे तर थोडी उंचच करू' असे म्हटले जाते आणि तिथून प्रश्न सुरू होतो.

उचललेल्या गाडीचा अनुभव

गाडी दिसायला दणकट होती. मागून उंच, टायर बरे, हौदा मजबूत. विकणाऱ्याने उंचीवर बोट ठेवून सांगितले की ही कुठेही फसणार नाही.

आंबे बहराच्या पहिल्याच तोडणीत ती बागेच्या बांधाशी फसली. खाली वाकून पाहिले तर मागच्या अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा नांगरासारखा माती ओढत आला होता आणि त्याच्यापुढे चिखलाचा ढीग साचला होता. हौदा मात्र चिखलापासून हातभर वर होता. ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली. शेजारच्या शेतकऱ्याची न उचललेली पिकअपही त्याच पाणंदीत, त्याच जागी, त्याच गोळ्यावर अडकत होती. उंचीचा काडीचाही फरक पडलेला नव्हता.

पुढे डांबरी रस्त्यावर वेगळाच त्रास सुरू झाला. ताशी ५०च्या पुढे वेग गेला की पायाखालून घरघर येई आणि सीट थरथरे. शाफ्टचा जॉइंट क्रॉस बदलला, थोडे दिवस बरे गेले आणि तोच आवाज परत. रिकामी गाडी सरळ रस्त्यावरही डावी-उजवी भटके, स्टेअरिंग सतत धरून ठेवावे लागे. रात्री रिकाम्या गाडीच्या दिव्यांचा उजेड अगदी जवळ पडे, कारण मागून उंच झाल्याने नाक खाली झुकले होते.

खरी भीती वाटली ती मृग बहराच्या हंगामात. मोसंबी भरून अंबडहून वडीगोद्रीकडे निघालो होतो. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम अजून चालू होता आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या. पुढची ट्रॉली अचानक थांबली. ब्रेक पूर्ण दाबला तर गाडीने पुढे नाक खुपसले, पुढची चाके किंचाळली, पण मागून गाडी ढकलतच राहिली. ट्रॉलीच्या मागे हातभर अंतरावर ती थांबली. कॅरेट केबिनवर आदळली. कुणाला इजा झाली नाही, पण त्यानंतर ती गाडी भरून रस्त्यावर काढली नाही. आधी तिचे पोट उघडायचे ठरवले.

पाट्यांचेच काम करत आयुष्य घालवलेल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी गाडी सपाट जागेवर उभी केली, मागची चाके काढली आणि एकेक गोष्ट दाखवत गेले. अ‍ॅक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी गुटका होता, तोही एकावर एक दोन तुकडे ठेवून वेल्डिंगने जोडलेला. यू-बोल्ट लांब होते आणि त्यांच्या आट्या खाल्लेल्या होत्या. अ‍ॅक्सलकडे जाणारा ब्रेकचा रबरी होज ताणून तारेसारखा झाला होता. मेन पाट्याला मधल्या बोल्टच्या भोकाजवळ चीर गेली होती. शेवटी त्यांनी चासीजवळ बॅटरीचा उजेड टाकला आणि म्हणाले, "दादा, इथं पहा. व्हॉल्व्हची काडी काढून वर तारेनं बांधलीय. माल भरलाय हे मागच्या ब्रेकला कळणार कसं?"

ब्रेक न लागण्याचे कारण तिथे होते.

पोटात नेमके काय बिघडते

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. तो चासीवर बसवलेला असतो आणि एका काडीने किंवा स्प्रिंगने अ‍ॅक्सलशी जोडलेला असतो. माल भरला की पाटे दबतात, चासी अ‍ॅक्सलच्या जवळ येते, काडी सरकते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना ब्रेकचा जास्त दाब देतो. गाडी रिकामी असताना तो दाब कमी ठेवतो, नाहीतर हलकी झालेली मागची चाके जाम होऊन गाडी फिरेल. आता मध्ये गुटका टाकला की चासी कायमचीच अ‍ॅक्सलपासून लांब जाते. दीड टन माल भरला तरी व्हॉल्व्हला गाडी हलकीच वाटते. काडी पुरत नाही म्हणून ती काढून तारेने बांधली, तर व्हॉल्व्हचे काम संपलेच. मग गाडी थांबवण्याचा सगळा बोजा पुढच्या ब्रेकवर पडतो.

शाफ्टचेही असेच. गिअरबॉक्स चासीवर, डिफरन्शियल अ‍ॅक्सलवर आणि दोघांना जोडणारा शाफ्ट मध्ये. दोन्ही टोकांच्या जॉइंट क्रॉसना ठरावीक कोनात फिरायचे असते. चासी वर गेली की कोन वाढतो, आणि दोन टोकांचे कोन सारखे राहिले नाहीत की प्रत्येक फेऱ्यात शाफ्टचा वेग कमीजास्त होतो. तीच ती थरथर. क्रॉसमधल्या बारीक सुयांचे बेअरिंग त्यात लवकर झिजते. क्रॉस कितीही वेळा बदलला तरी कोन तसाच राहिला तर आवाज परत येणारच.

गाडी भटकण्याचे कारणही उंचीतच असते. मागचा भाग वर गेला की सगळी चासी पुढे झुकते. पुढच्या चाकांच्या बैठकीला मागे झुकलेला जो कोन कंपनीने दिलेला असतो, तो कमी होतो. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होते ते याच कोनामुळे. तो गेला की गाडी ओळीत राहत नाही. पुढूनही गाडी उचललेली असेल तर स्टेअरिंगच्या दांड्यांचे कोन बदलतात आणि खड्ड्यात चाक गेले की स्टेअरिंग हातातून ओढले जाते.

गुटक्याने पाट्यावर येणारा ताण वेगळाच. क्लच सोडताना आणि ब्रेक दाबताना अ‍ॅक्सल स्वतःभोवती वळायला पाहतो. मध्ये गुटका असला की त्या वळण्याला जास्त लांबीची तरफ मिळते आणि पाटा आडव्या 'एस'सारखा पिळतो. मधल्या बोल्टच्या भोकापाशी पाटा आधीच अशक्त असतो, चीर तिथेच जाते.

आणि शेवटी गाडी उलटण्याचा धोका. दोन्ही बाजूंच्या चाकांतले अंतर १४० सेंटिमीटर आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १०० सेंटिमीटर उंचीवर आहे असे धरू. अर्ध्या अंतराला उंचीने भागले की ०.७० येते. आकडा जितका मोठा, तितकी गाडी बाजूला पडायला अवघड. सगळी गाडी १० सेंटिमीटर उचलली तर तोच आकडा ०.६४ होतो. त्यावर कॅरेटची थप्पी केबिनपेक्षा उंच लावली तर आणखी घटतो. बागेच्या उतारावर किंवा पाटचारीच्या भरावावर आडवी वळणारी गाडी उलटते ती याच हिशोबाने.

चिखलाचे साधे गणित

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. आपल्या बहुतेक पिकअपना मागे अखंड अ‍ॅक्सल असतो. डिफरन्शियलचा गोळा त्या अ‍ॅक्सलवर, अ‍ॅक्सल चाकांवर आणि चाके जमिनीवर. पाटा या सगळ्याच्या वर असतो. पाट्यात कितीही भर घाला, गोळ्याची जमिनीपासूनची उंची केसभरही वाढत नाही. ती वाढते फक्त मोठ्या टायरने, तीही निम्मीच. टायरचा व्यास ५ सेंटिमीटरने वाढला तर गोळा अडीच सेंटिमीटर वर जातो.

अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात पिकअप उचलण्याचे तयार संच मिळतात, आपल्याकडेही हौशी लोक थार आणि जिम्नीसारख्या गाड्यांना ते लावतात. तिथे उचलण्याचा मुख्य हेतू मोठे टायर बसायला जागा करणे आणि चाकांना वरखाली हलायला जास्त वाव देणे हा असतो. चांगल्या संचात नवे स्प्रिंग, त्या लांबीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, लांब ब्रेक होज आणि कोन दुरुस्त करणारे भाग एकत्र येतात. ऑस्ट्रेलियात ठरावीक मर्यादेपुढे उंची वाढवायची तर अभियंत्याचा दाखला लागतो. आपल्याकडच्या गॅरेजवर त्या सगळ्यातला फक्त गुटका आणि लांब यू-बोल्ट उरतो.

मोठे टायर लावणेही मालवाहू गाडीला परवडत नाही. मोठ्या चाकाला फिरवायला इंजिनला जास्त जोर लागतो, क्लच लवकर जातो, त्याच ब्रेकला मोठे चाक थांबवावे लागते आणि वेगाचा काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.

पाने वाढवण्याबद्दलही सांगतो. एकसारख्या जाडीच्या पाच पानांत सहावे घातले तर पाटा साधारण पाचव्या हिश्श्याने ताठ होतो. जाड पान घातले तर फरक फारच वाढतो, कारण पानाची जाडी दुप्पट झाली की त्याचा ताठरपणा आठपट होतो. ताठ पाट्यावर रिकामी गाडी उड्या मारते, उडणाऱ्या चाकाला पकड राहत नाही आणि हौद्यातली मोसंबी दबून डागाळते. पान वाढवल्याने अ‍ॅक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर यांतले काहीच मजबूत होत नाही. फक्त जास्त माल भरल्यावरही गाडी बसलेली दिसत नाही. जास्त भाराची सूचना देणारी तेवढी एक खूणही त्यामुळे नाहीशी होते.

भट्टीत पाटा तापवून, ठोकून कमान देणारे कारागीरही आहेत. पाट्याचे पोलाद ठरावीक तापमानाला कडक करून मग पुन्हा बेताने तापवून लवचीक केलेले असते. उघड्या भट्टीत डोळ्यांनी अंदाज घेत तापवले तर ती घडण बिघडते. असा पाटा एक तर पुन्हा लवकर बसतो, नाहीतर तडकतो. पाट्याला वेल्डिंग तर कधीच करू नये.

कायदा, पासिंग आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार, कंपनीने मुळात दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार, नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्याचा दंड वेगळा. कलम १९४ नुसार तो २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा आहे.

मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करून घ्यावे लागते. म्हणजे जुनी पिकअप दरवर्षी तपासणीला उभी राहणार. गुटके आणि तारेने बांधलेला व्हॉल्व्ह घेऊन ती तिथे नेणे धोक्याचे आहेच, पण अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीचे पोट पाहतो हेही लक्षात ठेवावे. न कळवलेला, नियमात न बसणारा बदल दिसला की दावा अडकायला तेवढे कारण पुरते. ज्याच्या घरचा एकुलता आधार ती गाडी आहे, त्याला हे परवडणारे नाही.

पाटे बसले असतील तर

गाडी मागून खाली आली असेल तर ती मूळ उंचीवर आणावी, त्यापुढे नाही. उस्तादांनी माझ्या गाडीचे काम ज्या पद्धतीने केले, तीच पद्धत सांगतो.

आधी गाडी रिकामी करून सपाट फरशीवर उभी करावी, टायरची हवा सारखी करावी आणि चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. डावे-उजवे यांत फरक असेल तर आधी तुटलेले पान, बसलेला बुश, झिजलेली शॅकल शोधावी. पुष्कळदा दोष पाट्यात नसून बुशात असतो आणि थोडक्या खर्चात काम होते.

पाटा बदलायचा तर त्या गाडीच्या मॉडेलचा, तेवढ्याच पानांचा संच घ्यावा आणि दोन्ही बाजूंना एकाच वेळी घालावा. मधला बोल्ट, यू-बोल्ट आणि बुश नवेच घ्यावेत. यू-बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात, जुने पुन्हा वापरू नयेत. ते टॉर्क रेंचने, कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे, तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत. भरलेल्या गाडीने काही खेपा केल्या की पाने एकमेकांवर बसतात आणि बोल्ट सैल पडतात, म्हणून ते पुन्हा आवळून घ्यावेत. हे पुन्हा आवळणेच बहुतेक ठिकाणी राहून जाते आणि मग मधला बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकतो.

त्यानंतर लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची काडी जागेवर बसवून पुस्तिकेप्रमाणे सेटिंग करावे, ब्रेकचा होज तपासावा, हवा काढावी, चाकांचे अलाइनमेंट करावे आणि दिव्यांचा रोख भिंतीवर पाहून लावावा. एवढे झाल्यावर माझ्या गाडीची घरघर थांबली, ती ओळीत चालू लागली आणि भरलेली असतानाही चारही चाकांवर थांबू लागली.

गाडीऐवजी रस्ता उचला

आता चिखलाचे काय? त्यावर गाडीचे उपाय थोडे आहेत, पण खरे आहेत. मागच्या चाकांना खोल नक्षीचे टायर कंपनीने सांगितलेल्या मापातच घालावेत. ओल्या दिवसांत गाडी बागेत न नेता सडकेवर उभी करावी आणि बागेतून कॅरेट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणावीत. ट्रॅक्टरचे भाडे शाफ्ट, क्लच आणि पाट्याच्या खर्चापेक्षा नेहमीच कमी पडते. गाडी न्यावीच लागली तर माल निम्मा भरावा, जड कॅरेट खाली आणि केबिनच्या बाजूला लावावीत, दोर आणि फावडे बरोबर ठेवावे. चाक फिरत राहिले तर ते आणखी खोल जाते, तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर सोडून आधी गोळ्यापुढची माती काढावी.

टिकाऊ उपाय पाणंदीचा आहे. काळ्या मातीवर नुसता मुरूम टाकला तर दोन पावसाळ्यांत तो मातीत बुडतो. आधी दोन्ही बाजूंना चर काढून पाणी बाहेर जायला वाट करावी, रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता घडवावा, मगच खडी-मुरूम टाकून रोलर फिरवावा. पाणी गेले की काळी माती वजन पेलते. यासाठी रोजगार हमी योजनेशी जोडलेली 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना' २०२१ मध्ये आली. ग्रामसभेत ठराव करून आपला रस्ता पंचायत समितीकडच्या आराखड्यात घ्यायला लावावा.

रस्त्यावर कुणी अडवणूक करत असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेताला रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागण्याचा अर्ज तहसीलदाराकडे करता येतो. पाणंदीवरच्या पाच-दहा शेतकऱ्यांनी मिळून हे काम हाती घेतले तर ते होते. एकट्याने गाडी उचलून ते होत नाही.

जुनी गाडी घेताना

शेवटी खरेदीबद्दल. जुनी पिकअप पाहायला जाताना बॅटरी घेऊन जा आणि गाडीखाली वाका. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये गुटका आहे का, यू-बोल्ट गरजेपेक्षा लांब आहेत का, शॅकल वेगळ्या बनावटीच्या आहेत का ते पहा. पाट्याची पाने मोजा आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी ताडून पहा. एखादे पान इतरांपेक्षा नवे किंवा जाड दिसले तर का ते विचारा. ब्रेकचा होज ताणलेला नाही, व्हॉल्व्हची काडी अ‍ॅक्सलला जोडलेली आहे आणि मोकळी हलते, याची खात्री करा. गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवा, मध्यम वेगाला घरघर येते का ऐका, स्टेअरिंग ढिले धरून ती सरळ जाते का पहा आणि मागे कुणी नाही याची खात्री करून एकदा जोरात ब्रेक दाबा. आरसी बुकावरचे रिकामे वजन आणि एकूण वजन वाचा. दोन्हींतला फरक हीच त्या गाडीची क्षमता.

यांतली एखादी गोष्ट चुकीची आढळली तर गाडी लगेच नाकारायची गरज नाही. पण मूळ स्थितीत आणण्याचा खर्च मिस्त्रींकडून लेखी घ्या, तो किमतीतून वजा करा आणि ते काम होईपर्यंत तिच्यात माल भरू नका.

ज्यांच्या दारात आज उचललेली पिकअप उभी आहे, त्यांना कळकळीची विनंती आहे. पुढचा बहर तोडणीला येण्याआधी गाडी भरवशाच्या मिस्त्रींकडे न्या, गुटके काढून टाका आणि मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह तपासून घ्या. त्या गाडीत पुढे तुमचा मुलगा किंवा पुतण्या बसलेला असतो आणि मागे कॅरेटवर तोडणीचे मजूर. त्यांना सुखरूप सडकेवर आणणे ही मालकाची पहिली जबाबदारी आहे.